पंचेचाळीस हजार झाडं कुठं गेली

फ्लोरिसा गुम्बानला प्रश्न पडला तो फोटो चिकटवताना.

कंपनीच्या समाजसेवा विभागात तिची बदली होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. त्याआधी सहा वर्षं ती इलोइलो शहरातल्या त्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर, कानाला फोन लावून परदेशातल्या लोकांना हॉटेलच्या खोल्या मिळवून द्यायची आणि खोली आवडली नाही की त्यांच्या शिव्या गोड आवाजात ऐकून घ्यायची. नव्या कामात शिव्या नव्हत्या, फोटो होते. कंपनीच्या वृक्षारोपणाचं यंदा दहावं वर्ष. त्यानिमित्त दारातच लावायला मागच्या नऊ वर्षांच्या फोटोंचा एक मोठा फलक करायचा होता, आणि ते काम नवीन म्हणून फ्लोरिसाच्या गळ्यात पडलं होतं.

नऊ वर्षांचे नऊ फोटो. प्रत्येकात नारिंगी टी-शर्ट घातलेले दोनशे लोक, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, हातात बाकाऊची रोपं. बाकाऊ म्हणजे खारफुटीतलं सगळ्यात सोपं झाड. त्याची हातभर लांब हिरवी शेंग चिखलात खुपसली की झालं वृक्षारोपण. नऊ वर्षांत लोक जाड झाले होते, काहींचे केस गेले होते, दोघीतिघींच्या कडेवर पोरं आली होती. मागचं दृश्य मात्र होतं तसंच होतं. पुंता दुलाव गावचा तोच सपाट चिखल, आणि त्यामागे तोच उघडाबोडका समुद्र.

फ्लोरिसाने फोटो पुढेमागे लावून पाहिले. वर्षाला पाच हजार रोपं, म्हणजे नऊ वर्षांची पंचेचाळीस हजार. पहिल्या वर्षीची झाडं एव्हाना घराएवढी व्हायला हवी होती. फोटोत एखादी फांदी तरी कुणाच्या डोक्याआड यायला नको?

"मॅम व्हिलमा, ही झाडं कुठं आहेत?" तिने विचारलं.

व्हिलमा विभागाची प्रमुख. बाई वाईट नव्हती. फक्त तिला कार्यक्रम आवडायचे आणि प्रश्न आवडायचे नाहीत.

"कुठली झाडं?"

"आपण लावलेली."

"पुंता दुलावला. आणखी कुठं असणार?"

"फोटोत दिसत नाहीत."

"कॅमेऱ्याचं तोंड समुद्राकडे असतं गं. झाडं पाठीमागे असतील." व्हिलमाने चष्मा कपाळावर चढवला. "हे बघ, इंदाय, अध्यक्षसाहेब मनिलाहून स्वतः येणारेत. दहा वर्षं झाली, काम फत्ते झालं, असं जाहीर करायचं, आणि पुढच्या वर्षीपासून दुसरं गाव धरायचं. तू बस बघ, टोप्या बघ, रोपं बघ. झाडांचं झाडं बघून घेतील."

मोठ्या बाईने लहान बाईला लाडाने 'इंदाय' म्हणायचं आणि त्याच दमात गप्प बसवायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. फ्लोरिसा गप्प बसली. पण डोक्यातला किडा काही गप्प बसेना. फलकावर नववा फोटो चिकटवून झाला तरी तिची नजर त्या उघड्या समुद्रावरच अडकलेली होती. शनिवारी सुट्टी होती. ती जीपनीत, म्हणजे लांबड्या सवारी जीपमध्ये बसली, तालुक्याच्या फाट्यावर उतरून तीनचाकी केली, आणि अकराच्या सुमाराला पुंता दुलावला येऊन थडकली.

आली खरी, पण तिथं चिखलच नव्हता.

कार्यक्रमाच्या कागदांत लिहिलेलं चर्च होतं, नारळाची जोडी होती, झेंड्याचा खांबही होता. त्यांच्यापुढे जिथं दोनशे माणसं उभी राहायची, तिथं हिरवंनिळं पाणी होतं आणि त्यावर एक होडी निवांत डोलत होती. किनाऱ्यावर एक म्हातारा जाळं सांधत बसला होता. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे नोंग म्हणतात, बाईला नांग.

"नोंग, ती झाडं लावायची जागा कुठंय? कंपनीवाले लावतात ती?"

म्हाताऱ्याने जाळ्यातून हात काढला नाही. ओठांचा चंबू करून समुद्राकडे दाखवलं.

"तिकडं?"

"तिकडंच. होडीच्या थोडं पलीकडं."

फ्लोरिसा बघतच राहिली. ती डोंगरातल्या गावची. समुद्र रोज दोनदा येतो आणि दोनदा जातो हे तिला ठाऊक होतं, पण शाळेच्या पुस्तकातलं ठाऊक असतं तसं. नऊ वर्षांत कंपनीतल्या कुणीही हे गाव भरतीच्या वेळी पाहिलेलं नव्हतं. बस यायच्या तेव्हा ओहोटी असायची, आणि लोक फोटो काढून परत जायचे तोवर ओहोटीच असायची.

"तुम्ही नांग कोनसिंगला भेटा," म्हातारा म्हणाला. "बायकांच्या मंडळाची ती मुख्य. पाहुण्यांचं सगळं तीच बघते. पहिलंच घर."

पहिलं घर सापडायला वेळ लागला नाही. त्याला मागची बाजू होती, पुढची बाजू होती, पण स्वयंपाकघर नव्हतं. स्वयंपाकघराच्या जागी चार खांब पाण्यात उभे होते. नांग कोनसिंग ओसरीवर बसून माडाच्या कोवळ्या पातीत चिकट तांदूळ भरत होती. साठीची, काळीसावळी, हात भराभर चालणारे. पोरगी कंपनीची आहे असं कळताच तिने आधी खुर्ची पुसली, मग दोन शिजलेले इबोस बशीत ठेवले, वर साखर भुरभुरली, आणि खाल्ल्याशिवाय एक शब्द बोलू दिला नाही.

"नांग, तुमचं स्वयंपाकघर...?"

"गेल्या डिसेंबरच्या वादळात गेलं. चूल परवा परवापर्यंत दिसायची ओहोटीला." कोनसिंग हसली. "लग्न होऊन आले तेव्हा आमचं घर तिसऱ्या ओळीत होतं. आम्ही जागचे हललो नाही, तरी पहिल्या ओळीत आलो. मागे अजून एकतीस घरं आहेत. हळूहळू सगळ्यांनाच पहिला नंबर मिळणारे."

हसत म्हणाली, पण फ्लोरिसाने उरलेला इबोस बशीत परत ठेवला.

"मी झाडांचं विचारायला आलेय," ती म्हणाली. "आम्ही लावलेली."

"छान होती हो झाडं."

"होती?"

कोनसिंगने एक इबोस बांधला, सोडला, पुन्हा बांधला. "म्हणजे लावली तेव्हा छान होती. मग समुद्राने नेली."

"सगळी?"

"सगळी कशी? काही शिंपल्यांनी वेढून मारली."

"आणि उरलेली?"

"उरलेली मग समुद्राने नेली." समोरच्या पोरीचा चेहरा बघून तिला वाईट वाटलं असावं, कारण ती घाईने म्हणाली, "पण पहिल्या वर्षीची तब्बल चार महिने टिकली होती हो! आम्ही सगळे म्हणायचो, शहरातल्या माणसांचा हात चांगला आहे."

ती जागाच झाडाची नव्हती. तिथं समुद्री गवत उगवायचं, आणि ओहोटीला त्या गवतात गावातल्या बायका शिंपले वेचायच्या. बाकाऊ तिथं जगणार नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण रस्त्याला लागून दोनशे माणसं मावतील अशी मोकळी जागा तेवढी एकच होती, म्हणून पहिल्या वर्षी शहरातून आलेल्या कुणीतरी बोट दाखवून ती निवडली. आणि मग काय, दरवर्षी ये रे माझ्या मागल्या.

"मग मेलेल्या काड्या? एवढ्या पाच हजार काड्या?"

आता मात्र कोनसिंग लाजली. "त्या आम्ही उपटतो. तुम्ही यायच्या आधी आठवडाभर सगळ्या बायका लागतो. पाहुणे यायचेत म्हटल्यावर अंगणात केर कसा ठेवायचा? जागाही रिकामी व्हायला हवी ना तुम्हाला."

फ्लोरिसाला हसू आलं. आलेलं हसू ओठांपर्यंत पोचायच्या आत विरलं. नऊ वर्षं एका बाजूने लोक पालथ्या घड्यावर पाणी ओतत होते, आणि दुसऱ्या बाजूने लोक तो घडा पुसून लख्ख करून पुन्हा समोर ठेवत होते.

"नांग, अहो, सांगितलं का नाही कुणाला?"

"काय सांगायचं? तुमचा नवस ना तो?"

"कसला नवस?"

आता चकित व्हायची पाळी कोनसिंगची होती. "नवस नाही? पहिल्या वर्षी तुमच्या बाईंनी भोंग्यावरून सांगितलं की दहा वर्षं न चुकता येऊ, हे आमचं वचन आहे. मोठ्या सणाला नवसाची माणसं एका रंगाचे कपडे घालून येतात, तसे तुम्ही सगळे एका रंगात. उन्हात येता, चिखलात उतरता, पायांना शिंपले कापतात तरी हसता, आणि पाण्याचा घोट न घेता परत जाता. असं कुणी झाडासाठी करतं होय? माझी मावशी दर गुड फ्रायडेला वेशीपासून चर्चपर्यंत गुडघ्यांवर चालायची. तिला कुणी विचारलं का, की बाई गं, त्याचा उपयोग काय? नवस आहे म्हटल्यावर वाट मोकळी करून द्यायची. तेवढंच आपल्या हातात."

"नांग, आम्हाला वाटत होतं की तुम्हाला झाडं हवीत."

"हेसुस मारिया!" कोनसिंगने हातातली पात खाली ठेवली. "हवीत ना. झाडं तर हवीच आहेत."

फ्लोरिसाने साधा प्रश्न विचारला. तो नऊ वर्षांत कुणी विचारला नव्हता. "कुठं हवीत?"

कोनसिंग उठली, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि तिला चर्चच्या मागच्या वाटेने घेऊन गेली. वाट संपली तिथं एक मातीचा बांध होता, माणसापेक्षा उंच आणि वर बैलगाडी जाईल इतका रुंद. बाहेरून समुद्र त्याला धडका देत होता. आत मोठ्ठं तळं, म्हणजे कोरडं, भेगाळलेलं, मिठाने पांढरं पडलेलं.

"इथं जंगल होतं," ती म्हणाली. "मी नवी नवरी होते तेव्हा इथून पलीकडचं दिसायचं नाही. मग शहरातल्या एका धनिकाने कोळंबीचं तळं करायला घेतलं. आमच्याच माणसांनी झाडं तोडली, आमच्याच माणसांनी बांध घातला. माझा नवरा इस्को त्यांचा मुकादम. दोन वर्षं लागली. पुढे कोळंबीला रोग आला, मालक गेला तो परत फिरकला नाही. आता लाट येते, बांधावर आपटते, आणि वळून सरळ आमच्या घरांवर येते. जंगल असतं तर गिळून टाकलं असतं तिला."

"मग इथं झाडं लावायची?"

"लावायची कशाला? बांध फोडला की झालं. भरतीबरोबर बिया आपल्या पायाने येतील. ते बघ, बांधाच्या बाहेर चार उभीच आहेत, त्यांना कुणी लावलं?"

"मग फोडत का नाही? परवानगी नाही?"

"परवानगी आहे. तळं समुद्राला परत द्या म्हणून सरकारी कागद आलाय. सरपंच तिनोयच्या खणात चार वर्षं पडून आहे. हात नाहीत, इंदाय. तरणी माणसं मनिलाला गेली, दुबईला गेली. आम्ही म्हाताऱ्या चारदा लागलो. हातभर खणतो, दमतो, आणि पुढल्या खेपेपर्यंत पावसाने माती पुन्हा बसते. हे एका दिवसात व्हायला हवं. दोनशे माणसांचं काम आहे."

दोनशे म्हणताना ती जरा थबकली. मग बांधावर हात ठेवून वेगळ्याच आवाजात म्हणाली, "आणि खरं सांगू? मी मनापासून लागलेच नाही कधी. इस्को जाऊन सात वर्षं झाली. त्याच्या हातची म्हणावी अशी एवढीच वस्तू शिल्लक आहे."

सोमवारी फ्लोरिसाने सगळं व्हिलमाला सांगितलं. व्हिलमाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे तिच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं. ऐकता ऐकता तिचा रंग उतरत गेला.

"एकही नाही?"

"एकही नाही, मॅम."

"पंचेचाळीस हजारांतलं?"

"पहिल्या वर्षीची चार महिने टिकली होती."

व्हिलमाने डोळे मिटले. मग ती नेहमीच्या आवाजात बोलू लागली. "हे बघ. अध्यक्षसाहेबांच्या हातात फावडं द्यायचं? दहा वर्षं झाडं लावली म्हणून यायचं आणि बांध फोडून जायचं? फोटोत काय दिसेल? आपण मोडतोड करतोय असं दिसेल. आणि नऊ वर्षं वाया गेली हे साहेबांना सांगणार कोण? तू सांगणार?"

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली की आमच्याकडे सगळ्यांनाच छताकडे बघायची सवय. फ्लोरिसाने छताकडे बघितलं.

"नाही ना? मग ठरल्याप्रमाणे होऊ दे. पुढच्या वर्षी काय ते बघू."

"पुढच्या वर्षी आपण तिथं नसणार, मॅम."

"टोप्या आल्या का बघ," व्हिलमा म्हणाली.

भीड ही भिकेची बहीण, म्हणतात ते खोटं नाही. फक्त ती गरिबाच्याच घरी राहते असं समजू नये. वातानुकूलित कचेरीत तिच्यासाठी वेगळी खुर्ची असते. फ्लोरिसाला स्वतःचा राग आला, आणि त्या रागात तिने टोप्या मोजल्या. दोनशे माणसं एका दिवसासाठी जाणार, तेही शेवटचं. तीही शिंपल्यांच्या गवतात काड्या खुपसून परत येणार, आणि त्या एकतीस घरांना पुन्हा कधी दोनशे हात मिळायचे नाहीत.

कार्यक्रमाची वेळ दरवर्षी गावच कळवायचं. जुन्या कागदांत ती चमत्कारिक होती, कधी साडेसहा, कधी सव्वासात, एकदा तर दुपारी दोन. लहरी गाव आहे, असं कचेरीत सगळे म्हणायचे. ओहोटीची वेळ आहे हे आता फ्लोरिसाला ठाऊक होतं. कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी तिने कोनसिंगला फोन केला.

"नांग, किती वाजता येऊ?"

पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत राहिला.

"नऊ वाजता या," कोनसिंग म्हणाली.

फ्लोरिसाने टेबलावरची भरतीओहोटीची दिनदर्शिका ओढली. कोळ्यांच्या दुकानातून ती मुद्दाम आणली होती. त्या दिवशी नऊला पाणी कमरेपर्यंत चढलेलं असणार होतं आणि साडेअकराला पूर्ण भरती.

"नांग, नक्की नऊ? मी बघतेय इथं, नऊला तर..."

"नऊ म्हणजे नऊ." मग तिचा आवाज खाली आला. "पाहुण्याला तोंडाने 'नको' म्हणायचं माझ्याच्यानं होत नाही, इंदाय. जन्मात जमलं नाही. पण समुद्र काही माझ्यासारखा भिडस्त नाही. तूही पाणी बघितलंस तेव्हाच तुला खरं वाटलं ना?"

फ्लोरिसाने फोन ठेवला. वेळापत्रकात वेळेची जागा मोकळी होती. चूक दुरुस्त करणं तिचं काम होतं, आणि या विभागात ती अजून कायम झालेली नव्हती. तिने "सकाळी ९" असं लिहिलं आणि कागद व्हिलमाकडे सहीला पाठवला. व्हिलमाने टोप्यांचा रंग तपासला आणि सही केली.

ठरल्या दिवशी नऊला पाच मिनिटं असताना चार बस पुंता दुलावच्या चर्चसमोर येऊन थांबल्या. नारिंगी माणसं हसतखिदळत उतरली, टोप्या घातल्या, रोपं घेतली, आणि नारळाच्या जोडीपाशी येऊन एकदम गप्प झाली. पुढचे थांबले म्हणून मागचे त्यांच्यावर आदळले.

समोर समुद्र होता. नुसता समुद्र.

"जागा कुठंय?" अध्यक्ष लेआंद्रो यांनी विचारलं. साठीचे, काटकुळे, डोक्यावर सगळ्यांसारखीच टोपी.

गावच्या बायका ओळीने उभ्या होत्या. सगळ्यांनी एकाच वेळी ओठांनी पाण्याकडे दाखवलं.

"वेळेत काहीतरी गोंधळ झालाय, सर," व्हिलमा घाईने म्हणाली. तिने फ्लोरिसाकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर त्याच पाण्यात उतरली असती. "आपण आधी नाश्ता करू. ओहोटी लागली की..."

पण लेआंद्रो बूट काढत होते. पँट दुमडून ते पाण्यात शिरले, गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत, कमरेपर्यंत. तिथं थांबून ते पायांनी तळ चाचपू लागले, कुठं खोड लागतंय का बघत. इकडे सरकले, तिकडे सरकले. मग तिथूनच ओरडून विचारलं, "रोज एवढं पाणी येतं?"

"रोज दोनदा, सर," सरपंच तिनोय म्हणाला.

"मग आपली झाडं?"

व्हिलमा चर्चच्या घंटेकडे बघत होती. कोनसिंग वाळूकडे बघत होती. फ्लोरिसा एक पाऊल पुढे सरकली, आणि स्वतःचाच आवाज तिला ऐकू आला.

"एकही नाही, सर. नऊ वर्षांतलं एकही जगलेलं नाही."

मागे कुणाची तरी हातातली रोपं खाली पडली. हिशेब विभागातला एक माणूस नऊच्या नऊ वर्षं न चुकता आला होता. तो जागच्या जागी वाळूत बसला.

लेआंद्रो पाण्यातून बाहेर आले. त्यांनी कोनसिंगला विचारलं, "नांग, खरं आहे हे?"

"पहिल्या वर्षीची चार महिने टिकली होती, सर," कोनसिंग पुटपुटली.

"मग नऊ वर्षं कुणी बोललं का नाही?"

"तुमचा नवस होता ना, सर." आणि मग अडखळत तिने सगळं सांगितलं. वचनाचं, रंगाचं, उन्हाचं, मावशीच्या गुडघ्यांचं. लेआंद्रोंनी मान खाली घालून स्वतःच्या छातीवरचा नारिंगी शर्ट पाहिला. वळून दोनशे नारिंगी शर्टांकडे पाहिलं. घोळक्यात कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग हसणं पसरत गेलं. पण त्यात खरी मजा वाटलेलं कुणीच नव्हतं.

"नवस नव्हता हो," ते म्हणाले. "तुम्हाला झाडं हवीत असं वाटलं होतं."

"हवीत ना, सर."

"मग सांगा, कुठं?"

सगळं इथंच येऊन अडणार होतं. समुद्राने त्याच्या वाट्याचं सांगून टाकलं होतं. पुढचं माणसालाच सांगायचं होतं, आणि ते माणूस वाळू न्याहाळत होतं. कोनसिंगचे ओठ हलले, मिटले. शेवटी तिने हळूच, अगदी हळूच, ओठांचा चंबू करून चर्चच्या मागे दाखवलं.

त्यानंतर सगळं भराभर झालं. तिनोयने शर्टाच्या आतून प्लास्टिकमध्ये घातलेला सरकारी कागद काढला. तो आज नेमका खणाऐवजी छातीशी कसा आला, हे कुणी विचारलं नाही. चर्चच्या मागे आजूबाजूच्या तीन गावांतली सत्तर फावडी आणि कुदळी रचून ठेवलेल्या निघाल्या, तेही कुणी विचारलं नाही. लेआंद्रोंनी कागद वाचला, बांध पाहिला, आणि म्हणाले, "मला फावडं धरायला कुणीतरी शिकवा."

कचेरीतली माणसं ती. पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी मातीपेक्षा एकमेकांचे पाय जास्त खणले. मग गावच्या बायकांनी त्यांच्या रांगा लावल्या. एकाने खणायचं, दुसऱ्याने पाटीत भरायचं, बाकीच्यांनी हातोहात पुढे द्यायचं. व्हिलमा थोडा वेळ बाजूला उभी राहिली, मग बूट फेकून रांगेत शिरली. फ्लोरिसाच्या शेजारून जाताना म्हणाली, "तुझ्याशी सोमवारी बोलते मी," आणि तिच्या हातात पाटी दिली. ती रागावली होती की नाही हे फ्लोरिसाला अजूनही समजलेलं नाही.

साडेअकराला बांधाला हातभर रुंदीची खाच पडली आणि तिच्यातून समुद्र आत आला. आधी चहाच्या धारेएवढा, मग मनगटाएवढा. भेगाळलेल्या तळ्यात पाणी पसरू लागलं तशी माती सुस्कारे टाकल्यासारखी बुडबुडे सोडू लागली. दोनशे माणसं ओरडली. कुणी कुणाला मिठ्या मारल्या. फोटोवाला धावत आला आणि त्याने सगळ्यांना खाचेभोवती गोळा केलं. फावडी खाली पडली, टोप्या सरळ झाल्या.

लेआंद्रोंनी फोड आलेले हात पँटला पुसले आणि हसून विचारलं, "झालं ना, नांग?"

नऊ वर्षं हा प्रश्न याच शब्दांत येत होता, आणि नऊ वर्षं कोनसिंगचं उत्तर ठरलेलं होतं. हो सर, फार छान झालं, फार उपकार झाले. बायकांच्या ओळीने टाळ्यांसाठी हातही उचलले होते.

कोनसिंग खाचेच्या काठावर उभी होती. पाणी तिच्या घोट्यांवरून जात होतं. हातभर खाच गाळाने आठवड्यात बुजते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? बस संध्याकाळी जाणार होत्या आणि परत येणार नव्हत्या. तिने मागे वळून पहिल्या ओळीतल्या आपल्या घराकडे पाहिलं. मग खाली, इस्कोच्या बांधाकडे.

"नाही, सर," ती म्हणाली.

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. बायकांचे हात तसेच वर राहिले. तिनोयला ठसका लागला.

"नाही झालं," कोनसिंग पुन्हा म्हणाली, आणि या वेळी आवाज कापला नाही. "हे बुजेल. जीप जाईल एवढं रुंद पाहिजे. आणि तिकडून नका खणू, तिकडे तळाला दगड आहेत. तो बसवायचा आणि मी वाहून आणायचे, मला एकेक माहीत आहे. इकडून घ्या."

मग हिशेब विभागातला तो माणूस पुढे आला आणि त्याने पडलेलं फावडं उचललं. कोनसिंगने ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"पहिला घाव मी घालते," ती म्हणाली. "मग तुम्ही सगळे लागा. पाणी खाचेखाली उतरायला अजून दोन तास आहेत."